पुठ्ठ्यामागचा प्रवेश

कोक्विटलाम
१४ जानेवारी २०१०

चि. जयंतीस,

आज संक्रांत आहे म्हणून गोड बोलायला बसले आहे, असा गैरसमज करून घेऊ नकोस. परवा देवेशचा फोन आला, म्हणून लिहिते आहे. तुझा मुलगा मला वर्षातून एकदा, एक जानेवारीला फोन करतो आणि ‘हॅपी न्यू इयर मावशी, तुमच्याकडे स्नो आहे का’ एवढं विचारून कर्तव्य उरकतो. या वेळी अकरा दिवस उशिरा केला आणि मी ‘नाही, पाऊस आहे’ म्हटल्यावरही ठेवला नाही, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे.

“मावशी, आईच्या डोळ्यांचं जरा सीरियस आहे. मधलं दिसेनासं होतंय. कडेचं दिसतं. इंजेक्शन्स चालू केलीत.”

“कुठे देतात?”

“डोळ्यात.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. चहाचं पाणी आटून गेलं.

मधलं दिसत नाही म्हणजे माणूस चालू-फिरू शकतं, पण वाचू शकत नाही, एवढं मला कळतं. शाळेच्या लायब्ररीत बावीस वर्षं काढली आहेत. तुला वाचता येणार नाही ही कल्पना मला करता येत नाही. जेवताना पुस्तक वाचतेस म्हणून बाबांनी तुझं ताट उचलून ठेवलं होतं आणि तुला ते पाच मिनिटं कळलंसुद्धा नव्हतं.

आपण एकमेकींना शेवटचं पत्र कधी लिहिलं? लग्नाच्या पत्रिका आणि दुखवट्याची कार्डं यांना मी पत्र म्हणत नाही. आमचे शशिकांत गेले तेव्हा तू पाठवलेलं कार्ड छापील होतं आणि खाली नुसती सही होती. तुझे शैलेंद्र गेले तेव्हा मीही दुकानात जाऊन तसलंच शोधून आणलं होतं. तू मिल्टनला मुलाकडे राहायला आलीस त्याला पाच वर्षं झाली. एकाच देशात आहोत, विमानाने साडेचार तास. पण मी आपण होऊन यावं असं तुला वाटत असेल, तर मी थोरली आहे हे तू विसरली आहेस.

आता मराठीत का लिहिते ते सांगते. आपण दोघी कॉन्व्हेंटच्या, पत्रं इंग्रजीतच लिहायचो. पण इंग्रजीत लिहिलं तर तुझी नात ईरा वाचेल. मराठीत लिहिलं तर फक्त सून वाचेल. अबोलीबद्दल माझं काही वाईट मत नाही, तिच्याशी मी उभ्या आयुष्यात तीनदा बोलले असेन. पण माझं पत्र तिने तुला मोठ्याने वाचून दाखवावं हे मला चालायचं नाही. तुला अजून स्वतःला वाचता येतं का, आणि कधीपर्यंत येईल, हे कळव.

दुसरी बातमी. आमच्या लायब्ररीत बुधवारी दुपारी सीनियर्ससाठी जुने सिनेमे दाखवतात. बाहेर पाऊस आणि आत कॉफी, त्यामुळे गर्दी बरी जमते. सत्तावीस तारखेला तोच सिनेमा आहे. नाव लिहीत नाही, तुला कळलं असेल. त्या जाडजूड कादंबरीवरचा, ब्लॅक अँड व्हाइट. बंदरावरच्या गावातला म्हातारा डॉक्टर आणि त्याच्या दोन मुली. थोरली ॲग्नेस बापाची सेवा करत घरी राहते, धाकटी क्लेअर एका नाटकवाल्याबरोबर जहाजात बसून जाते ती कायमची. बाप तिची वाट बघत मरतो. १९५३ साली नागपूरला शाळेच्या हॉलमध्ये चादर बांधून दाखवला होता. तू आठवीत होतीस, मी मॅट्रिकला. सिस्टर ऑगस्टिनाने नंतर सगळ्यांना निबंध लिहायला लावला, ‘अ ड्यूटिफुल डॉटर’, आणि पहिलं बक्षीस मला मिळालं.

सिनेमे लावणारी डोना म्हणून एक बाई आहे. ती म्हणाली, “मृणाल, तू टीचर होतीस. सुरुवातीला पाच मिनिटं बोलशील?” मी हो म्हटलं. पाच मिनिटांत त्या सिनेमाबद्दल बोलता येत नाही हे तिला त्या दिवशी कळेलच.

डोळ्यांना जप. टीव्ही कमी बघ.

मृणालिनी


कोक्विटलाम
२८ जानेवारी २०१०

जयंती,

तुझं उत्तर आलेलं नाही. तरी लिहिते आहे, कारण हे मला कोणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि सांगून समजेल असं जगात तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

काल मी बारा मिनिटं बोलले. पस्तीस-चाळीस माणसं होती. माझ्या शेजारी आमचे डॉक्टर चारुदत्त आणि त्यांच्या शीलाताई, मागे गोरे, चिनी, इराणी, सगळे साठीच्या पुढचे. मी ॲग्नेसबद्दल बोलले. त्यागाबद्दल बोलले. आजच्या पिढीला हे का कळत नाही तेही बोलले. शेवट सांगू नये हा संकेत मला माहीत आहे, पण आमच्या वयात शेवट आधी माहीत असलेला बरा, असं म्हणून तोही सांगितला. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी जागेवर येऊन बसले आणि दिवे गेले.

पहिला तासभर सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे चाललं. ॲग्नेस बापाला सूप भरवते. ॲग्नेस खिडकीत उभी राहते. मग बर्फाळ दुपार, आणि दार वाजतं.

जयंती, दार वाजतं. क्लेअर परत येते. सात महिन्यांची गरोदर, खांद्यावर बर्फ, हातात टोपलीवजा पेटी. ॲग्नेस दार उघडते, पण उंबऱ्यात उभी राहते, आत घेत नाही. म्हणते, “पपांना तुझं तोंड बघायचं नाही.” दार लावते. वरून म्हातारा विचारतो, “क्लेअर आली का गं?” आणि ही खालून सांगते, “वारा आहे, पपा.”

हॉलमध्ये मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “त्या मॅडमनी दुसराच पिक्चर पाहिला होता वाटतं.” सगळे हसले. डोनासुद्धा. शीलाताई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “अहो मृणालिनीताई, तुमची ती सात्त्विक ॲग्नेस पक्की आतल्या गाठीची निघाली की हो!” डॉक्टर म्हणाले, “शीला, गप्प बस.” पण तेही हसत होते. दिवे लागल्यावर मी कोट घातला आणि कॉफी न घेता निघून आले. बस चुकली. पावसात वीस मिनिटं उभी होते, तोवर माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

तो पुठ्ठा. तुला आठवतो ना? शाळेत दाखवायचा सिनेमा आधी फादर आणि सिस्टर ऑगस्टिना दोघं बसून बघायचे. मुलींनी पाहू नये असं जे काही असेल ते सिस्टर वहीत टिपून ठेवायची. मग शनिवारी ती प्रोजेक्टरच्या डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला मी. सगळ्यात भरवशाची मुलगी म्हणून ते काम माझ्याकडे होतं. तिने माझ्या खांद्यावर टिचकी मारली की मी भिंगापुढे पुठ्ठा धरायचा, ती आवाज बंद करायची. पुन्हा टिचकी मारली की बाजूला घ्यायचा. तुम्ही सगळ्या अंधारात ‘अय्यो’ करून ओरडायच्या. मला अभिमान वाटायचा. दिव्याच्या धगीने पुठ्ठा ऊन व्हायचा, त्यावर नुसता उजेड हलायचा, चित्र म्हणून काही दिसायचं नाही.

तर तो प्रवेश मी झाकला होता. स्वतःच्या हातांनी. आणि त्या सिनेमावर निबंध लिहून बक्षीस घेतलं, आणि सत्तावन्न वर्षांनी परक्या देशात चाळीस माणसांपुढे त्याच्यावर व्याख्यान दिलं!

माझा संताप होतो आहे. एका बाईचं पोट दिसू नये म्हणून त्यांनी दुसरीचं पाप झाकलं आणि वर तिचा आदर्श ठेवा म्हणून सांगितलं. आपल्याला गणित शिकवलं, लॅटिन प्रार्थना शिकवल्या, काटा कोणत्या हातात धरायचा ते शिकवलं, आणि सबंध गोष्ट काही सांगितली नाही. सिस्टर ऑगस्टिना आज असती तर मी तिला गाठून जाब विचारला असता.

तू तेव्हा कादंबरी वाचली होतीस, सीताबर्डीच्या त्या वाचनालयातून आणून. पुस्तकात दार वाजतं असं काहीतरी तू म्हणाली होतीस, असं मला अंधुक आठवतं. तेव्हा बोलण्याच्या ओघात ते राहून गेलं असावं.

मृणालिनी


कोक्विटलाम
१४ फेब्रुवारी २०१०

जयंती,

तुझं पत्र मिळालं. अक्षर ओळखू आलं नाही. इतकी मोठी आणि तिरकी अक्षरं बघून आधी वाटलं, ईराने लिहिलं. मग शेवटची सही पाहिली.

तू लिहिलं आहेस ते मी पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलं याबद्दल तुला शंका राहणार नाही:

‘ताई, पुस्तकात दार वाजतं हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. ते ओघात राहून गेलं नाही. तू माझ्या थोबाडीत मारलीस. बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी जबलपूरहून आले तेव्हा तू चार माणसांत म्हणालीस, “या, क्लेअर आली.” शाळेच्या मुलींना सोडून कोणाला ते कळलं नाही, पण मला कळलं. त्या सिनेमाबद्दल मला आता काही ऐकायचं नाही. दुसरं काही सांगायचं असेल तर लिही. मी भिंगाने अजून वाचते. अबोली माझी पत्रं उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, एप्रिलपर्यंत वाचता येईल. जयंती.’

थोबाडीत मारलं होतं. हो. विसरले नव्हते.

इथे सध्या ऑलिंपिकची धामधूम आहे. रस्ते बंद, बसगाड्या भरलेल्या, शहाणीसुरती माणसं लाल हातमोजे घालून रस्त्यात ओरडतात. काल चारुदत्त आणि शीलाताई जेवायला आले होते. शीलाताईंनी पुन्हा तोच विषय काढला.

“काही म्हणा,” त्या म्हणाल्या, “त्या ॲग्नेसने असं का केलं ते मला काही झेपलं नाही. दार उघडायला काय जात होतं?”

मी म्हटलं, “शीलाताई, तुम्ही आजारी माणसाची सेवा किती वर्षं केली आहे?”

“यांची चालूच आहे की!” त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी वरणाची वाटी पुढे केली.

“चेष्टा सोडा. पाच महिने एका माणसाला उचलायचं, पुसायचं, भरवायचं. त्याने एक दिवस तुमच्याकडे बघून तुमचं नाव घेऊ नये. मग दार वाजलं तर तुम्ही काय कराल?”

डॉक्टर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, “पाच महिने असं सिनेमात कुठे होतं? मला वाटतं दोन वर्षं होती.”

मी उठून ताक आणायला गेले.

तुला त्या सिनेमाबद्दल ऐकायचं नाही, हे मला समजलं. पण एकच सांगते आणि मग पुन्हा काढणार नाही. मी लायब्ररीतून त्याची डीव्हीडी आणली आणि तो प्रवेश तीनदा पाहिला. दार लावल्यावर ॲग्नेस रडत नाही, दाराला टेकून उभीही राहत नाही. बर्फ आत आलेलं असतं, ते ती पुसते आणि पायपुसणं सरळ करते. ज्याने तो सिनेमा केला त्याला हे कुठून कळलं असेल, कोणास ठाऊक. अगदी तसंच असतं.

पुढचं पत्र लवकर लिहीन. एप्रिलला अजून वेळ आहे.

मृणालिनी


कोक्विटलाम
९ मार्च २०१०

जयंती,

लवकर लिहीन म्हटलं होतं. तीन आठवडे गेले. पाच वेळा लिहून फाडलं. पहिल्या तीन पत्रांत सगळा दोष सिस्टर ऑगस्टिनाचा होता, चौथ्यात तुझा, पाचव्यात शैलेंद्रांचा. हे सहावं.

तू मला पुन्हा कधीही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण तुला वाचता येतं आहे तोवर हे तुझ्या हातात पडायला हवं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला ते ऐकू येऊ नये.

१९६३ चा ऑगस्ट. तू घटस्फोट झालेल्या माणसाशी, एका मुलीच्या बापाशी, रजिस्टर लग्न करून जबलपूरला गेलीस त्याला दोन वर्षं झाली होती. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं त्या दोन वर्षांत परत गेली, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते. बाबांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती. बोलणं जड, पण मला सगळं समजायचं. शाळेत जायच्या आधी मी त्यांचं सगळं करायची, आल्यावर पुन्हा सगळं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला इनलँड लेटर आणायला सांगितलं. म्हणाले, “जयूला लिहायचंय. मी सांगतो, तू लिही.” मी त्यांच्या खाटेशी बसून लिहिलं. खाली त्यांनी डाव्या हाताने सही केली. त्या सहीला दहा मिनिटं लागली.

ते पत्र तुला मिळालं नाही, कारण मी ते टाकलं नाही.

धंतोलीच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले होते. पेटीचं झाकण वर केलं होतं. तिथून परत आले. बाबांना सांगितलं, “टाकलं.” दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटवताना ते बंबात घातलं. वर आंघोळीचं पाणी घेतलं आणि शाळेत गेले.

बाबा त्यानंतर तेवीस दिवस होते. रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला विचारायचे. रविवारी पोस्ट नसतं, तेव्हाही विचारायचे. मी म्हणायची, “तिचं काही नाही, बाबा.” त्यात खोटं काही नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले.

मग तार केली ती ते गेल्यावर. तू तिसऱ्या दिवशी आलीस. मी तुला काय नावाने हाक मारली ते तुझ्या लक्षात आहे. त्यानंतर मागच्या दारी, नळाशी, तू मला एकटीला गाठून विचारलंस, “ताई, बाबांनी माझी आठवण काढली होती का गं?” आणि मी म्हटलं, “नावसुद्धा घेतलं नाही.”

तो सिनेमा तेव्हा मला पूर्ण बघायला मिळाला असता तर मी असं वागले नसते, असं लिहायचा मला फार मोह झाला. पहिल्या तीन पत्रांत लिहिलंही होतं. ते खरं नाही. तू मला सांगितलं होतंस, दार वाजतं म्हणून. मी सोळा वर्षांची होते आणि मला ते खरं असायला नको होतं. पुढे सव्विसाव्या वर्षी इनलँड लेटर हातात धरून उभी होते, तेव्हा शेजारी कोणतीही सिस्टर नव्हती.

पत्रात बाबांनी तुला माफ केलं होतं. आशीर्वाद दिला होता. लवकर ये, असं लिहायला सांगितलं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे.

शशिकांतांना मी हे कधी सांगितलं नाही. एकोणचाळीस वर्षं संसार केला. त्यांना मी फार चांगली मुलगी वाटायची.

मृणालिनी


कोक्विटलाम
३० मार्च २०१०

जयंती,

एकवीस दिवस झाले. देवेशला फोन केला होता, तुला त्याने सांगितलं असेल किंवा नसेल. विचारलं, “आई पत्रं वाचते का रे?” म्हणाला, “मावशी, हल्ली ती खोलीच्या बाहेरच येत नाही. आम्हाला वाटलं, इंजेक्शनमुळे डिप्रेस झालीय. अबोली म्हणते, तुमचं लेटर आल्यापासून आहे. ईज एव्हरीथिंग ओके?”

मी म्हटलं, “नाही.”

तो म्हणाला, “तुमचं काही असेल ते तुम्ही दोघी सॉर्ट करा हं. पण तिला त्रास होईल असं काही आता नको, प्लीज. पुढच्या मंगळवारी स्कॅन आहे.”

मागून ईराचा आवाज आला, “डॅड, हू इज इट?” आणि तो म्हणाला, “नोबडी, बेटा. वन ऑफ आजीज रिलेटिव्ह्ज.” मुलाचा काही दोष नाही. त्याला तेवढंच माहीत आहे.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी जे केलं ते तुला तुझे डोळे जाताना सांगावं की न सांगावं, याचा मी विचार केला नव्हता. मला वाटलं, मी धाडस करते आहे. कदाचित मी फक्त घाई केली. शांतपणे मरायला मिळावं म्हणून लोक असली घाई करतात.

उत्तर देऊ नकोस, असं लिहिणार होते. पण दे.

मृणालिनी


कोक्विटलाम
६ एप्रिल २०१०

जयू,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी दारातच, चप्पल न काढता वाचलं. अक्षरं आता एकावर एक चढतात, काही ओळी कागदाच्या बाहेर गेल्या आहेत, पण मी लावलं. एकही शब्द सोडला नाही.

‘ताई, माफी, आशीर्वाद, हे बाबांचे शब्द नव्हेत. बाबा असं बोलत नसत. हे तू तुझ्या मनाचं लिहिलंस. तू त्यांच्या तोंडचं लिहून घेतलं होतंस आणि ते जाळलंस, म्हणजे ते आता फक्त तुझ्यापाशी आहे. ते माझं आहे. जसंच्या तसं पाठव. मला वाईट वाटेल म्हणून किंवा तुला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. मोठ्या अक्षरांत लिही. तुला माफ करायचं की नाही ते मी नंतर बघेन. आधी माझं पत्र दे.’

बरोबर आहे तुझं. मी गाळलं होतं.

हे पान मी नेहमीच्या पेनाने लिहिते आहे. ते तुला दिसलं नाही तरी चालेल. पुढची पानं जाड काळ्या मार्करने लिहिली आहेत. एका पानावर दोन-तीनच ओळी मावतात. सात पानं झाली आहेत. मंगळवारचं स्कॅन आज झालं असेल. पाकीट एक्सप्रेसने टाकते आहे, परवा मिळेल. टाकायला मी स्वतः जाते आहे आणि काउंटरवरच्या बाईच्या हातात देऊन पावती घेणार आहे.


चि. जयूस,


आता राग उरला नाही.
ताकद उरली नाही म्हण, हवं तर.


शैलेंद्ररावांना घेऊन ये.
त्यांच्या मुलीलाही आण.


तिचं नाव मला इथे
कोणी सांगितलेलं नाही.
ते लिहून कळव.


मृणाल सगळं करते.
औषध वेळेवर, जेवण वेळेवर.
पण घरात कोणी हसत नाही.


तू ये.


बाबा


जयू, बाबांचं पत्र इथे संपलं. हे आठवं पान माझं.

पाचव्या पानावरचं वाक्य त्यांनी सांगितलं तेव्हा माझं पेन थांबलं. ते म्हणाले, “लिहिलंस?” मी म्हटलं, “लिहिलं.” खरंच लिहिलं होतं.

त्या मुलीचं नाव काय होतं? सत्तेचाळीस वर्षांत मीही विचारलं नाही.

पत्र लिहू नकोस. फोनवर सांग.

ताई